जलचक्राचे गणित : लेओनार्ड ऑयलर

पॉट्सडॅम येथील सां-सूसी राजवाड्याच्या बागेत उंच कारंजे उडावे, अशी प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याची फार इच्छा होती. त्याच्या हयातीत ते कधीही नीट उडाले नाही. पुढे जवळजवळ तीस वर्षांनी, २५ जानेवारी १७७८ रोजी व्हॉल्तेरला लिहिलेल्या पत्रात, वृद्ध राजाने या अपयशाचे खापर एका गणितज्ञाच्या माथी फोडले. या गणितज्ञाने चक्रांचे सगळे हिशेब भूमितीच्या नियमांप्रमाणे करून दिले आणि तरीही वरच्या हौदापर्यंत पाणी काही चढले नाही, असा त्या मजकुराचा आशय होता. फ्रेडरिकची लेखणी मुळातच तिखट. समोर व्हॉल्तेरसारखा वाचक असला की ती अधिकच तिखट होई. हा किस्सा युरोपभर पसरला. कागदावरच्या विद्येची व्यवहारात कशी फजिती होते याचा दाखला म्हणून तो पुढे दोनशे वर्षे सांगितला गेला. ज्याच्याविषयी तो सांगितला गेला त्या गणितज्ञाचे नाव लेओनार्ड ऑयलर.

आज जलविद्युत केंद्रातील टर्बाइन असो, शेतातील विहिरीवरचा पंप असो की विमानाचे जेट इंजिन असो, त्यातील फिरत्या पात्यांची आखणी ज्या एका समीकरणापासून सुरू होते, ते समीकरण याच ऑयलर यांच्या नावाने ओळखले जाते. ते त्यांनी याच राजाच्या नोकरीत असताना, कारंज्याच्या फजितीनंतर पाच-सहा वर्षांच्या आत मांडले. राजाच्या पत्रातील माणूस आणि हा माणूस एकच कसा असू शकेल, हा प्रश्न मनात ठेवूनच त्यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

ऑयलर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात १५ एप्रिल १७०७ रोजी झाला. वडील पॉल ऑयलर हे धर्मोपदेशक होते. बाझेलजवळच्या रीहेन या खेड्यात त्यांची नेमणूक होती व लेओनार्डचे बालपण तेथेच गेले. पॉल यांनी तरुणपणी याकोब बेर्नुली या थोर गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती, त्यामुळे मुलाला गणिताचे पहिले धडे घरीच मिळाले. मुलानेही आपल्याप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची अपेक्षा होती. तेराव्या वर्षी मुलगा बाझेल विद्यापीठात दाखल झाला. तेथे याकोबचे धाकटे बंधू योहान बेर्नुली गणित शिकवीत. योहान हे शीघ्रकोपी व मानी गृहस्थ. खाजगी शिकवणी देण्यास त्यांनी नकार दिला, पण कठीण ग्रंथ स्वतः वाचून जेथे अडेल तेथे शनिवारी दुपारी येऊन विचारण्याची मुभा दिली. या शनिवारच्या दुपारींनी गणिताच्या इतिहासाला वळण दिले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. आठवडाभरात फारशी शंकाच उरू नये म्हणून हा मुलगा धडपडत असे. अखेर योहान यांनीच पॉल यांचे मन वळविले आणि धर्मपीठाचा एक उमेदवार कमी झाला.

१७२७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जहाजावर डोलकाठ्या कोठे व कशा उभाराव्यात, असा विषय पारितोषिकासाठी ठेवला होता. वीस वर्षांच्या ऑयलर यांनी त्यावर निबंध पाठविला. समुद्र ज्या देशाला कोठेही शिवत नाही अशा देशातील या तरुणाने तोवर समुद्रातले जहाज पाहिलेही नव्हते. पहिले पारितोषिक बूगे याला गेले, तरी ऑयलर यांच्या निबंधाची सन्मानपूर्वक दखल घेतली गेली. पाणी, वारा आणि त्यांत हलणाऱ्या वस्तू यांच्याशी त्यांचा जो संबंध येथे जडला तो अखेरच्या दिवसापर्यंत सुटला नाही.

बाझेलमध्ये प्राध्यापकपद मिळाले नाही, तेव्हा त्याच वर्षी ते रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे नव्याने स्थापन झालेल्या अकादमीत गेले. गुरुपुत्र डॅनिएल बेर्नुली तेथे आधीच पोचला होता व त्याच्याच शिफारशीने हे पद मिळाले होते. गंमत अशी की, रिकामी जागा होती ती शरीरक्रियाशास्त्राची. ऑयलर यांनी त्याचाही अभ्यास सुरू केला. रक्त हेही अखेर नळीतून वाहणारे द्रवच. लवचिक धमन्यांतून होणाऱ्या प्रवाहाची समीकरणे त्यांनी अर्धशतकानंतर, म्हणजे १७७५ साली, मांडली. तो लेख छापून प्रसिद्ध व्हायला मात्र १८६२ साल उजाडावे लागले.

पीटर्सबर्गमधल्या अगदी आरंभीच्या त्यांच्या लेखनात हवेच्या गुणधर्मांवरील एक निबंध आहे. तो १७२९ साली प्रसिद्ध झाला. हवा ही अतिसूक्ष्म, स्वतःभोवती फिरणाऱ्या गोलकांची बनलेली आहे असे कल्पून, तिचा दाब आणि तिची घनता यांचा संबंध केवळ गतीच्या नियमांवरून काढता येतो का, हे त्यांनी त्यात तपासले. चित्र जुन्या देकार्तीय वळणाचे होते व पुढे ते टिकले नाही. तथापि वायूचा दाब हा त्याच्या अदृश्य कणांच्या हालचालींचा हिशेब आहे ही दृष्टी बावीस वर्षांच्या या तरुणाला लाभली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. विरल वायूंच्या गणिताकडे वळताना याचा संदर्भ पुन्हा येईल.

१७३८ हे साल ऑयलर यांच्या आयुष्यात अनेक अर्थांनी महत्त्वाचे. त्या वर्षी आजारपणात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षी डॅनिएल बेर्नुली यांचा 'हायड्रोडायनॅमिका' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नळातून वाहणाऱ्या पाण्याचा वेग जेथे वाढतो तेथे त्याचा दाब कमी होतो, हा आज शाळेत शिकविला जाणारा नियम त्यातलाच. आणि त्याच वर्षी, बाक्ट्रियाच्या ग्रीक राज्याचा इतिहास लिहिणाऱ्या बायर या पंडिताच्या ग्रंथाला ऑयलर यांनी एक छोटे परिशिष्ट जोडले. त्याचा विषय होता भारतीयांचे सौर वर्ष. आपल्या पंचांगातील वर्षाचे मान युरोपातील ज्या पहिल्या गणितज्ञांनी बारकाईने न्याहाळले त्यांत ऑयलर यांची गणना करावी लागते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणाच्या कानी नाही, म्हणून जाता जाता नोंदविली.

'हायड्रोडायनॅमिका'मुळे बेर्नुलींच्या घरात वादळ उठले. पिता योहान यांनी त्याच विषयावर 'हायड्रॉलिका' हा ग्रंथ लिहिला आणि तो मुलाच्या ग्रंथाच्या आधीचा वाटावा म्हणून त्यावर १७३२ हे साल घातले. डॅनिएलने आपले दुःख ऑयलर यांना पत्राने कळविले. एकीकडे गुरू, दुसरीकडे जिवलग मित्र. ऑयलर यांनी दोघांचाही सन्मान राखला. गुरूच्या ग्रंथात गतीच्या मूलभूत नियमांपासून आरंभ करण्याची जी पद्धत होती ती त्यांना अधिक पटली, हे त्यांनी लपविले नाही. पितापुत्रांच्या या भांडणातून जे धान्य निघायचे ते पुढे ऑयलर यांच्याच कणगीत पडले.

१७४१ साली फ्रेडरिकच्या निमंत्रणावरून ते बर्लिनला आले. तेथे पंचवीस वर्षे राहिले. राजाला फ्रेंच भाषा, चतुर संभाषण, काव्य आणि बासरी यांची आवड. ऑयलर साधे, श्रद्धाळू, कुटुंबवत्सल. रोज सायंकाळी मुलांना एकत्र बसवून प्रार्थना व धर्मग्रंथाचे वाचन करणारा हा गृहस्थ राजाच्या भोजनसभेत शोभणार कसा? राजाने त्यांच्या अंधत्वाची चेष्टा करून त्यांना एकाक्ष राक्षसाचे नाव ठेवले होते. त्याच वेळी कामे मात्र भरपूर सोपविली: फिनो कालव्याची पाहणी, लॉटरीचे गणित, विधवांच्या निवृत्तिवेतनाचे हिशेब, तोफांचे शास्त्र. तोफांविषयी बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाचे एक छोटे पुस्तक होते. त्याचा १७४५ साली जर्मन अनुवाद करताना ऑयलर यांनी इतकी टीपाटिप्पणी जोडली की, मूळ ग्रंथ तिच्यात दडून गेला.

आता कारंज्याकडे येऊ. राजवाड्याजवळच्या टेकडीवर मोठा हौद बांधायचा, हावेल नदीचे पाणी पवनचक्क्यांवर चालणाऱ्या पंपांनी त्या हौदात चढवायचे आणि तेथून नळाने खाली आणून कारंज्यातून उडवायचे, अशी ती योजना होती. काम १७४८ साली सुरू झाले. पाणी वर नेणारे नळ लाकडी फळ्यांचे होते. पिंपाला जशा लोखंडी पट्ट्या ठोकतात तशा ठोकून ते जोडले होते. चाचणीच्या वेळी पाणी जरा वर चढताच नळ फुटले. आपल्याकडे पाण्याची उंच टाकी उभारणारा साधा गवंडीही जाणतो की, पाण्याचा स्तंभ जितका उंच तितका तळाशी त्याचा दाब अधिक. दर दहा मीटर उंचीमागे हा दाब वातावरणाच्या दाबाइतका वाढतो. पण येथे प्रश्न एवढाच नव्हता. पंपाचा दट्ट्या पाण्याला थांबून थांबून ढकलतो, म्हणजे नळातील सर्व पाण्याला प्रत्येक वेळी नव्याने गती द्यावी लागते. त्यासाठी लागणारा दाब उंचीच्या दाबाहून कितीतरी जास्त असू शकतो. नळ अरुंद असेल तर आणखी जास्त.

हे गणित प्रथम कोणी केले असेल तर ते ऑयलर यांनी. त्यांना सल्ल्यासाठी बोलाविले गेले ते १७४९ च्या शरद ऋतूत, म्हणजे काम सुरू होऊन बराच अवधी लोटल्यावर. ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजाला सविस्तर कळविले की, आहेत ते नळ हा दाब सहन करू शकणार नाहीत, लाकडाऐवजी शिसे वापरावे, नळांचा व्यास वाढवावा. शिशाची जाडी किती असावी हे मात्र नुसत्या सिद्धांतावरून न ठरविता प्रत्यक्ष प्रयोग करून ठरवावे, असेही त्यांनी बजावले. ज्याला पुढे अव्यवहारी ठरविण्यात आले, तो माणूस राजाला प्रयोग करा म्हणून सांगत होता. राजाने मोठ्या व्यासाच्या धातूच्या नळांवर खर्च केला नाही. कंत्राटदार आले आणि गेले, खर्च मात्र थांबला नाही. १७५४ च्या गुड फ्रायडेला हौदात साचलेल्या पावसाच्या व बर्फाच्या पाण्यावर कारंजे थोडा वेळ उडाले, तेवढेच. १७५६ साली सात वर्षांचे युद्ध सुरू झाले व काम थंडावले. कारंजे खऱ्या अर्थाने उडाले ते १८४२ साली, वाफेचे इंजिन आणि धातूचे नळ बसविल्यावर. तोवर राजाला जाऊन छप्पन्न वर्षे झाली होती. मिखाएल एकर्ट या जर्मन विज्ञानेतिहासकाराने २००२ साली त्या काळची पत्रे व कागद पुन्हा तपासून ही सर्व हकीकत उजेडात आणली. तोपर्यंत राजाची साक्ष एकतर्फीच चालत आली होती. ज्याच्या हाती राज्य त्याच्याच हाती इतिहासाची पहिली प्रत असते, याचा आपल्याकडेही अनुभव आहे.

ज्या सुमारास हे नळ फुटत होते त्याच सुमारास ग्योटिंगेनचे प्राध्यापक योहान आंद्रेआस सेग्नर यांनी एक नवे जलचक्र तयार केले. १७५० साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. एक उभे भांडे, त्याच्या तळाशी चक्राच्या आऱ्यांसारख्या आडव्या नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला बाजूला उघडणारे छिद्र. भांड्यात पाणी ओतले की छिद्रांतून ते एका दिशेने बाहेर पडते आणि भांडे विरुद्ध दिशेने गरगर फिरू लागते. बागेत हिरवळीवर पाणी शिंपडणारी फिरती झारी आपण पाहतो, तिचाच हा पूर्वज. जुन्या पाणचक्कीत वाहते पाणी चाकाच्या फळ्यांवर आदळे. येथे आदळणे नाही, पाण्याची प्रतिक्रिया आहे.

ऑयलर यांना या यंत्राने झपाटले. चार वर्षांत त्यांनी त्यावर एकामागून एक निबंध लिहिले आणि १७५४ साली बर्लिनच्या अकादमीपुढे त्याची परिपूर्ण उपपत्ती ठेवली. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. पडत्या पाण्यात जेवढे सामर्थ्य आहे, त्यातले चक्राला किती मिळते आणि उरलेले जाते कोठे? सेग्नर यांच्या चक्रात ते दोन ठिकाणी वाया जात होते. वरून सरळ पडणारे पाणी फिरत्या भांड्यावर आदळते तेव्हा काही भाग धक्क्यात नष्ट होतो. बाहेर पडणारे पाणी वेगाने निघून जाते तेव्हा काही भाग ते आपल्याबरोबर घेऊन जाते. ऑयलर यांनी उपाय सुचविला तो असा: चक्राच्या वर एक स्थिर भांडे ठेवावे आणि त्यातून तिरप्या नळ्यांनी पाणी खाली सोडावे. नळ्यांचा तिरपेपणा असा असावा की, बाहेर पडणाऱ्या पाण्याला चक्राच्याच दिशेने, चक्राच्याच वेगाने फिरते करावे. धावत्या गाडीत चढणारा माणूस आधी गाडीबरोबर धावतो व मग पाय टाकतो, तसेच काहीसे हे. मग धक्का बसणार नाही. आणि खालच्या नळ्या मागे अशा वळवाव्यात की, बाहेर पडलेले पाणी जमिनीवरून पाहणाऱ्याला जवळजवळ थांबलेले दिसावे. म्हणजे त्याने आपली सारी शक्ती चक्राला दिली असे समजावे.

या स्थिर नळ्यांची जागा आजच्या टर्बाइनमध्ये मार्गदर्शक पात्यांनी घेतली आहे, कल्पना मात्र तीच. चक्रावरील पीळ किती, याचेही सूत्र यातूनच निघाले. आत येणाऱ्या पाण्याचा फिरण्याच्या दिशेतील वेग गुणिले अक्षापासूनचे अंतर, यातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा तसाच गुणाकार वजा करावा आणि दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या वस्तुमानाने त्याला गुणावे. हा झाला चक्राला मिळणारा पीळ. पाती सरळ की वाकडी, चक्र लाकडाचे की पोलादाचे, आतून काय वाहते, पाणी की वाफ की हवा, याच्याशी सूत्राला कर्तव्य नाही. त्याला फक्त आत काय आले आणि बाहेर काय गेले एवढेच हवे. या अलिप्ततेमुळेच ते इतकी वर्षे टिकले असावे. पंपात तेच सूत्र उलटे चालते: तेथे चक्र पाण्याला शक्ती देते. याच निबंधात त्यांनी आणखी एक धोका दाखवून दिला. नळीतील दाब फार खाली गेला तर पाणी नळीच्या भिंतीपासून सुटेल, त्याचा सलग प्रवाह तुटेल. टर्बाइनची पाती कुरतडणारी ही व्याधी अभियंत्यांना प्रत्यक्ष भेडसावू लागली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

ऑयलर यांचे चक्र त्या काळी कोणी बांधले नाही. टर्बाइन हा शब्दच मुळी १८२० नंतरच्या दशकात ब्यूर्दें या फ्रेंच अभियंत्याने घडविला आणि त्याचा शिष्य फूर्नेरों याने १८२७ साली पहिले यशस्वी टर्बाइन चालविले. त्यानंतर अमेरिकेत फ्रान्सिस यांनी त्यात सुधारणा केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या भागात घटप्रभेच्या पाण्यावर गोकाकच्या धबधब्यापाशी सूतगिरणी चालू लागली, १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र उभे राहिले, पुढे कोयना आली. पात्यांवरून वळणाऱ्या पाण्याचा हिशेब सर्वत्र याच सूत्राने केला जातो. ऑयलर यांच्या मूळ आराखड्याला मात्र १९४४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी झूरिचचे प्राध्यापक याकोब आकेरेत यांनी १७५४ च्या निबंधाबरहुकूम एक चक्र बांधून घेतले व त्याची मोजणी केली. पाण्याच्या सामर्थ्यापैकी सुमारे एकाहत्तर टक्के चक्राच्या अक्षावर मिळाले. अठराव्या शतकातील ज्या पाणचक्क्यांच्या चाकांखालून पाणी वाहत असे त्यांना चौथाई हिस्साही मिळत नसे. वरून पाणी घेणारी उत्तम चाके साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोचत. म्हणजे त्या चाकांपेक्षा या चक्राचा लाभ अफाट होता असे नाही. पण कागदावरून उतरवलेले यंत्र पहिल्याच फटक्यात त्यांच्या पुढे गेले. हे राजाला कळायला हवे होते.

टर्बाइनच्या उपपत्तीनंतर वर्षभरातच, ४ सप्टेंबर १७५५ रोजी, ऑयलर यांनी द्रव आणि वायू यांच्या गतीचे सर्वसाधारण सिद्धांत अकादमीपुढे वाचले. ते १७५७ साली छापले गेले. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे त्यांच्या सर्व कार्यात हे शिखर होय. डॅनिएल बेर्नुली यांनी नळातील पाण्याचे आडवे थर कल्पिले होते. ऑयलर यांनी नळ, भांडे, नदी सारे बाजूला ठेवले आणि प्रवाहातील एका सूक्ष्म कणाकडे पाहिले. त्या कणावर त्याच्या सर्व बाजूंनी शेजारचे पाणी दाब देते. एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त असेल तर कण कमी दाबाकडे त्वरण घेतो. याला गुरुत्वाची जोड द्या. जेवढे आत येते तेवढे बाहेर गेले पाहिजे किंवा घनता बदलली पाहिजे, हा हिशेब जोडा. झाले. चार-पाच ओळींत नदीचा ओघ, ध्वनीची लहर, कारंज्याची धार आणि वादळ एकत्र आले. निसर्गाचे एवढे व्यवहार एवढ्या थोड्या अक्षरांत बसविण्याचे भाग्य सूत्रकारांनाही क्वचितच लाभते.

या यशात एका फ्रेंच पंडिताचा वाटा आहे आणि तो लपविणे योग्य होणार नाही. झां द'आलांबेर यांनी बर्लिन अकादमीच्या स्पर्धेसाठी द्रवाच्या रोधावर प्रबंध पाठविला होता. १७५० साली अकादमीने पारितोषिक न देता प्रयोगांशी तुलना मागितली. परीक्षकांत ऑयलर होते. द'आलांबेर यांनी चिडून प्रबंध मागे घेतला व १७५२ साली स्वतः प्रसिद्ध केला. कणाच्या पातळीवर विचार करण्याचे बीज त्यात होते. ऑयलर यांनी ते घेऊन त्याला स्पष्ट व सर्वांना वापरता येईल असे रूप दिले, पण ऋणाचा उच्चार करताना ते पुरेसे उदार झाले नाहीत, असे माझे मत आहे. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशी एखादी जागा असते.

समीकरणांची मर्यादाही त्यांना ठाऊक होती. त्यांत घर्षण नव्हते. घर्षणरहित प्रवाहात ठेवलेल्या वस्तूला काहीच रोध होत नाही, असे चमत्कारिक उत्तर मिळते. ते ऑयलर यांनी तोफांच्या पुस्तकातील टिपांतच दाखविले होते, नाव मात्र पुढे द'आलांबेर यांचे लागले. द्रवाचा चिकटपणा समीकरणांत आणण्याचे काम नाव्हिए यांनी १८२२ साली व स्टोक्स यांनी १८४५ साली केले. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. पाणी किंवा हवा सलग आहे, कितीही लहान कण घेतला तरी तो तसाच आहे, हे ऑयलर यांनी गृहीत धरले. वायू विरल होत गेला की हे गृहीत डळमळते. वातावरणाच्या अतिउंच थरांत किंवा निर्वात नळीत एका रेणूची दुसऱ्याशी गाठ पडण्याआधी तो इतके अंतर जातो की, सलग प्रवाहाची भाषाच अपुरी पडते. तेथे रेणूंच्या टकरींचा हिशेब ठेवणारे लुडविग बोल्ट्झमान यांचे १८७२ चे समीकरण लागते. मौज अशी की, टकरी भरपूर होत असतील तेव्हा बोल्ट्झमान यांच्या समीकरणापासून पहिल्या पायरीवर जे मिळते ते ऑयलर यांचेच समीकरण असते. १७२९ साली फिरत्या गोलकांपासून हवेचा दाब काढू पाहणाऱ्या तरुणाला हे पाहून समाधान वाटले असते.

ऑयलर यांच्या गद्याविषयी साहित्याच्या अध्यापकाने चार शब्द लिहिल्यास क्षम्य मानावेत. व्हर्जिलचे 'इनीड' हे महाकाव्य त्यांना आरंभापासून शेवटपर्यंत पाठ होते. आपल्या प्रतीच्या प्रत्येक पानावरील पहिली व शेवटची ओळ कोणती हेही ते सांगत. १७६० ते १७६२ या काळात त्यांनी एका जर्मन राजकन्येला विज्ञान समजावून देण्यासाठी फ्रेंच भाषेत २३४ पत्रे लिहिली. प्रकाश, ध्वनी, गुरुत्व, चुंबक, तर्कशास्त्र असे कितीतरी विषय त्यांत आहेत आणि गणिताची चिन्हे जवळजवळ नाहीत. १७६८ पासून ती ग्रंथरूपाने येऊ लागली आणि युरोपातील बहुतेक भाषांत गेली. तज्ज्ञांसाठी लिहिणारा लेखक बाहेरच्या माणसाशी बोलू लागला की, एक तर त्याला वरून बोलण्याची सवय जडते किंवा तो सोपे करण्याच्या भरात खोटे सांगतो. ऑयलर या दोन्हींपासून दूर राहिले. ज्ञान सर्वांच्या हाती जावे म्हणून शंभर वर्षे धडपडणाऱ्या ग्रंथालयाच्या वाचकांना या पत्रांचे मोल सांगावे लागू नये.

फ्रेडरिकशी संबंध बिघडतच गेले. १७५९ साली अकादमीचे अध्यक्ष मोपेर्त्यूई वारल्यावर कामाचा भार ऑयलर यांच्यावर पडला; अध्यक्षपद मात्र राजा द'आलांबेर यांना देऊ पाहत होता. द'आलांबेर यांनीच ते स्वीकारले नाही आणि राजाजवळ ऑयलर यांची स्तुती केली. स्पर्धेतला जुना राग त्यांनी मनात ठेवला नाही, हे त्यांचे मोठेपण. १७६६ साली ऑयलर पुन्हा पीटर्सबर्गला गेले. जाताच दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू वाढू लागला. १७७१ साली शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसले, नंतर व्रण चिघळला आणि अंधार कायमचा झाला. त्याच वर्षी नगरात मोठी आग लागली. ऑयलर यांचे घर पेटले असताना पेटर ग्रिम नावाच्या बाझेलच्याच एका कारागिराने आत शिरून अंध वृद्धाला पाठीवर घेऊन बाहेर काढले. ग्रंथसंग्रह बराचसा जळाला, हस्तलिखिते बरीच वाचली. १७७३ साली पत्नी काथारिना गेली. एकोणचाळीस वर्षांचा संसार, तेरा अपत्ये, त्यांपैकी पाचच लहानपण ओलांडून जगली.

या काळात लेखन थांबायला हवे होते, ते वाढले. शिंपीकाम सोडून आलेल्या एका तरुणाला त्यांनी बीजगणिताचे पुस्तक तोंडी सांगितले. लिहिता लिहिता त्या तरुणालाही बीजगणित समजू लागले, आणि हीच त्या पुस्तकाच्या सुबोधतेची परीक्षा झाली. पुढे बाझेलहून आलेला निकोलाउस फूस, मुलगा योहान आल्ब्रेख्त आणि लेक्सेल हे लेखनिक व सहकारी म्हणून लाभले. मोठ्या पाटीवर खडूने ठळक अक्षरे काढीत, सूत्रे मनात धरून ते सांगत जात. प्रवाहांच्या गतीवरचा त्यांचा चार भागांतील विस्तृत ग्रंथ याच अंधारातल्या वर्षांत अकादमीच्या खंडांतून प्रसिद्ध झाला; त्याच्या अखेरच्या भागात नळीतील हवेचे, म्हणजे बासरीसारख्या वाद्यांच्या स्वरांचे, गणित आहे. बासरीवेड्या फ्रेडरिकने तो वाचला असण्याचा संभव कमीच. ऑयलर यांच्या लेखनाची यादी एनेस्ट्र्योम या स्वीडिश पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी केली, तिच्यात ८६६ नोंदी आहेत. समग्र ग्रंथावली १९११ पासून छापली जाऊ लागली व तिचे सत्तरांहून अधिक खंड निघाले आहेत.

१७८३ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेने फुगविलेला कापडी गोळा आकाशात चढविला. आतील हवा तापून विरल होते, बाहेरची दाट हवा तिला वर ढकलते. जसजसे वर जावे तसतशी बाहेरची हवाही विरल होत जाते. मग गोळा कोणत्या वेगाने चढेल व किती उंच जाईल? ऑयलर यांचे मन या प्रश्नात गुंतले. १८ सप्टेंबर रोजी सकाळी त्यांनी पाटीवर यासंबंधी काही आकडेमोड केली. दुपारच्या भोजनाच्या वेळी लेक्सेल यांच्याशी नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी बोलणे झाले. नंतर चहा घेताना नातवाशी खेळत असताना हातातील चिलीम गळून पडली, आणि थोड्या तासांत सर्व संपले. वय शहात्तर वर्षे. पाटीवरची आकडेमोड घरच्यांनी पुसली नाही. ती उतरवून घेऊन पॅरिसला पाठविण्यात आली आणि तेथील अकादमीने, दिवंगत ऑयलर यांच्या पाटीवर आढळलेले वायुगोलकांचे गणित, अशा मथळ्याखाली ती छापली.